जशी पुंगळी, तशी दारू

‘दारू’ या शब्दाला मराठींत दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही अर्थांच्या दारूविषयीं एक गोष्ट सारखीच खरी आहे. ती किती घेतली, एवढ्यावरच परिणाम अवलंबून नसतो. ती किती घाईनें घेतली, यावरहि असतो. पहिल्या अर्थाच्या दारूवर उपदेश करणारे पुष्कळ आहेत. आज आपण दुसऱ्या अर्थाच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूविषयीं बोलूं.

शहरांत राहणाऱ्या माणसाला हा विषय दूरचा वाटेल. परंतु सोलापूर, बार्शी, अक्कलकोट या बाजूच्या जुन्या वाड्यांतून आजहि कोठें कोठें एखादी जुनी शिकारी पेटी निघते. आजोबा-पणजोबांच्या काळीं शिकारी लोक काडतुसें पुष्कळदां घरींच भरीत. पितळेची किंवा जाड कागदाची पुंगळी वाया जात नसे. जुनी टोपी काढून नवी बसवावयाची, दारू घालावयाची, वर गुंडी दाबावयाची, छरे भरावयाचे आणि तोंड वळवून बंद करावयाचें. या सर्व कामाचीं हत्यारें त्या पेटींत नीट मांडलेलीं असतात. त्यांतच लांकडी मुठीचें, रेघा आखलेलें, एक लहानसें पितळी माप असतें. दिसायला तें औषधाच्या मापासारखें निरुपद्रवी असतें. परंतु त्या पेटींतील सर्वांत घातक वस्तु तेंच आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. तें कां, हें समजण्यासाठीं दारू जळते म्हणजे काय होतें, तें आधीं पाहिलें पाहिजे.

बंदुकीची जुनी काळी दारू तीन पदार्थांची. शंभर भागांत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कोळसा आणि गंधक हें जळण. जळण्यास लागणारा प्राणवायु सोऱ्यांत सांठविलेला असतो. त्यामुळें ही दारू बंद नळींतहि जळते. तिला बाहेरच्या हवेची गरज लागत नाहीं. जळतांना तिचा तप्त वायु होतो, आणि तो वायु पसरूं पाहतो. सगळी शक्ति या पसरण्यांत आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत होम मैदानावर शोभेचें दारूकाम होतें, तें पाहणाऱ्यांना हा भेद ठाऊक आहे. भुईनळ्याचें तोंड उघडें असतें, म्हणून तो फुलतो. तीच दारू कवचांत घट्ट कोंडली म्हणजे फटाका वाजतो. दारू जळते दोन्हीकडे. फरक कोंडण्याचा आहे.

बंदुकींत ही कोंडी विलक्षण प्रकारची असते. पुंगळीचें बूड बंद, बाजूला पोलादाच्या भिंती आणि पुढें गोळीचें बूच. हें बूच मात्र हलणारें आहे. वायूनें ढकलल्याबरोबर गोळी पुढें सरकूं लागते आणि तिच्या मागें वायूला जागा मोकळी होत जाते. एका बाजूनें दारू वायु निर्माण करते, दुसऱ्या बाजूनें पुढें धांवणारी गोळी त्याला जागा करून देते. हिशेब सारा या दोहोंच्या शर्यतीचा आहे. दोघे बरोबरीनें धांवले तर दाब सहन होण्याइतका राहतो आणि गोळीला वेग मिळतो. दारू फार पुढें गेली तर नळी फुटते. दारू फार मागें राहिली तर गोळी दुबळी निघते, किंवा नळींतच अडकते.

या शर्यतींत आणखी एक अडचण आहे. चुलींतला विस्तव फुंकर घातल्यानें जसा भडकतो, तशी दारू दाबानें भडकते. दाब वाढला कीं ती अधिक वेगानें जळते. अधिक वेगानें जळली कीं दाब आणखी वाढतो. म्हणून येथें चुकीचें फळ चुकीच्या प्रमाणांत मिळत नाहीं. चूक थोडी असते आणि दाब कितीतरी चढतो. आमटींत मीठ थोडें जास्त पडलें तर ती थोडी खारट होते. काडतुसाचा कारभार तसा नाहीं.

मग दारूला घाई किती, हें ठरतें कशावरून? पहिलें कारण दाण्याचा आकार. दाणा जळतो तो बाहेरून आंत. म्हणून पृष्ठभाग जितका अधिक, तितकें ज्वलन त्वरित. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर होतो. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे १००० तुकडे केले तर वजन तेंच राहतें, पण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दसपट होतो. स्वयंपाकघरांत हें आपण रोज पाहतों. ओंडका धुमसत राहतो आणि त्याच लांकडाच्या ढलप्या भुरभुर पेटतात.

ही गोष्ट जुन्या तोफखान्यांना अनुभवानें कळली होती. तोफेला जाड दाण्याची दारू, बंदुकीला त्याहून बारीक आणि कानांत घालावयाच्या रंजकेला सर्वांत बारीक, अशी वांटणी असे. आपल्या शेजारच्या विजापुरांतील मुलूख-इ-मैदान तोफ ज्यांनीं पाहिली आहे त्यांना याचें कारण सांगावें लागणार नाहीं. ही तोफ १५४९ सालीं अहमदनगर येथें मुहम्मद बिन हसन रूमी यानें ओतली. ती कांहीं काळ धाराशिव जिल्ह्यांतील परांड्याच्या किल्ल्यांत होती, आणि सतराव्या शतकांत तेथून विजापुरास नेण्यांत आली. वजन सुमारें ५५ टन आणि तोंडाचा व्यास सुमारें २ फूट ४ इंच. एवढ्या तोंडांतील अवजड गोळा जागचा हलावयाला वेळ लागतो. तेवढ्या वेळांत सगळी दारू एकदम वायुरूप झाली, तर तो वायु गोळ्याऐवजीं तोफेच्या भिंतीच दूर सारील. म्हणून जड गोळ्यामागें दमानें जळणारी दारूच पाहिजे.

या अनुभवाला मोजमापाचें रूप १८६० च्या सुमारास अमेरिकेंतील टॉमस रॉडमन या लष्करी अधिकाऱ्यानें दिलें. त्यानें तोफेच्या आंतील दाब मोजण्याची युक्ति काढली आणि मोठ्या तोफांसाठीं भोकें पाडलेल्या दारूच्या वड्या केल्या. ही कल्पना मोठी सुंदर आहे. साधा दाणा जळत जातो तसा लहान होतो आणि त्याचा पृष्ठभाग घटत जातो. भोकें असलेली वडी मात्र आंतूनहि जळते. बाहेरचा पृष्ठभाग घटतो, पण भोकें रुंदावत जातात आणि आंतला पृष्ठभाग वाढतो. गोळा हळूहळू वेग घेतो, तसा वायुहि सुरवातीस बेतानें आणि पुढें अधिक मिळतो. मोठ्या तोफांच्या दारूच्या दाण्यांना आजहि अशीं भोकें असतात.

आतां तोफेवरून काडतुसाकडे येऊं. ‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्याचे चार भाग: पितळी पुंगळी, बुडाची टोपी, आंतली दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी. पुंगळी जितकी मोठी तितकी दारू अधिक मावते, हें उघड आहे. पण दारू अधिक असेल तर ती अधिक सावकाश जळणारीहि असली पाहिजे, हें तितकें उघड नाहीं. आणि आजच्या विषयाचें मर्म तेंच आहे.

तीन उदाहरणें घेऊं. पिस्तुलाच्या ९ मिलिमीटर काडतुसाची पुंगळी अवघी १९ मिलिमीटर लांब असते. गोळी हलकी, नळी वीतभरहि नाहीं. येथें दारूनें आपलें काम झटपट उरकलें पाहिजे; म्हणून दारू शीघ्र. ०.३०३ इंची रायफलीचें काडतूस जुन्या लोकांना ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून परिचित आहे. त्याची पुंगळी ५६ मिलिमीटर लांब, बाटलीसारखी. पोट मोठें आणि गळा अरुंद. पोटांतला सारा वायु पावणेआठ मिलिमीटरच्या अरुंद वाटेनें बाहेर पडावयाचा, आणि वाटेंत जड गोळी. येथें शीघ्र दारू म्हणजे सरळ अनर्थ. येथें मंद दारूच हवी.

तिसरें उदाहरण बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीचें. हिचें काडतूस रायफलीच्या काडतुसाहून पुष्कळ जाड. मग दारू सर्वांत मंद असावी, असें वाटेल. प्रत्यक्षांत ती शीघ्र असते. कारण हिची नळी साडेअठरा मिलिमीटर रुंद आहे. छरे एक मिलिमीटर पुढें सरकले कीं वायूला ०.३०३ च्या नळींतल्यापेक्षां जवळजवळ पावणेसहा पट जागा मिळते. जागा इतकी झपाट्यानें वाढत असेल तर दारूलाहि झपाट्यानें जळावें लागतें, नाहीं तर दाबच चढत नाहीं. शिवाय त्या नळीच्या भिंती पातळ असतात. रायफलीच्या काडतुसांत दाब हवेच्या दाबाच्या ३००० पटींहूनहि वर जातो. पिस्तुलांत तो सुमारें २४०० पट असतो. बारा बोअरच्या बंदुकीला ७०० पटींच्या आसपासच थांबावें लागतें. यावरून नियम असा निघतो कीं, नुसती पुंगळी पाहून दारू ठरत नाहीं. पुंगळीचें पोट नळीच्या रुंदीच्या मानानें किती मोठें आहे आणि पुढचें ओझें किती जड आहे, या दोहोंवर ती ठरते. पोट मोठें, वाट अरुंद, गोळी जड, तर दारू मंद. पोट लहान किंवा वाट रुंद, आणि ओझें हलकें, तर दारू शीघ्र.

हा मेळ चुकला तर काय होतें? शीघ्र दारू मोठ्या पुंगळींत गेली तर गोळी हलण्यापूर्वींच दाब कळसास पोंचतो. बंदुकीचा मागचा भाग फुटतो, आणि तो भाग नेम धरणाऱ्याच्या डोळ्याजवळ असतो. मंद दारू लहान पुंगळींत घातली तर ती पुरती जळण्यापूर्वींच गोळी निघून जाते. तोंडाशीं ज्वाळा दिसते, बार फुसका होतो, आणि क्वचित् गोळी नळींतच राहते. हा प्रकार वरवर सौम्य दिसतो. पण अडकलेली गोळी न पाहतां दुसरा बार काढला कीं नळी फाटते. आणखी एक समज असा असतो कीं, शंका आली तर दारू कमी घालावी, म्हणजे धोका नाहीं. तोहि भरंवशाचा नव्हे. मोठ्या पुंगळींत थोडीशी मंद दारू आडवी पसरून राहते, तिचें पेटणें अनियमित होतें, आणि अशा अर्धवट भरलेल्या काडतुसांनीं बंदुका फुटल्याच्या नोंदी झालेल्या आहेत. शीघ्र दारू मोठ्या पुंगळीच्या तळाशींच मावते. मग चुकून दोनदां माप घातलें गेलें तरी पुंगळी भरून वाहत नाहीं आणि चूक डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून दारू योग्य जातीची असावी आणि पुंगळी बरीचशी भरणारी असावी, असा जाणत्यांचा कटाक्ष असतो.

येथवर आपण मुख्यतः काळ्या दारूच्या अनुभवावरून बोललों. खरा घोटाळा उत्पन्न झाला तो धूररहित दारूमुळें. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्येय यानें ही दारू सिद्ध केली; १८८७ सालीं नोबेलनें बॅलिस्टाइट काढली; १८८९ सालीं इंग्लंडांत एबल आणि ड्यूअर यांनीं कॉर्डाइट तयार केली. कॉर्डाइट दोरीसारखी असते, त्यावरूनच तिचें नांव पडलें. द्रव्य एकच, पण रायफलीसाठीं तिची दोरी सुमारें एक मिलिमीटर जाडीची, तर युद्धनौकांच्या मोठ्या तोफांसाठीं एक सेंटिमीटरहून जाड असे. जशी पुंगळी तशी दारू, हा नियम येथें दोरीच्या जाडींत उतरला.

०.३०३ चें काडतूस १८८८ सालीं निघालें तेव्हां त्यांत दाबून बसविलेली काळी दारू होती. तीनचार वर्षांत तिची जागा कॉर्डाइटनें घेतली. तेव्हां दिसून आलें कीं, काळ्या दारूच्या निम्म्याहूनहि कमी वजनाची कॉर्डाइट गोळीला अधिक वेग देते. लाभ मोठा होता, पण त्याची किंमत द्यावी लागली. कॉर्डाइटच्या उष्णतेनें नळींतील मेटफर्ड पद्धतीच्या उथळ खांचा लवकर झिजूं लागल्या, आणि १८९५ सालीं एन्फील्ड पद्धतीच्या खोल खांचांची नळी घ्यावी लागली. दारू बदलली तेव्हां बंदूकहि बदलावी लागली.

आतां पेटींतल्या त्या पितळी मापाकडे वळूं. तें माप काळ्या दारूसाठीं केलेलें होतें. त्यांत दारू वजनानें नव्हे, आकारमानानें मोजली जाई. सुरवातीच्या कांहीं धूररहित दारू, उदाहरणार्थ शुल्त्झ किंवा ई. सी., मुद्दाम इतक्या हलक्या आणि फुगीर केल्या होत्या कीं, शिकाऱ्यानें जुनेंच माप भरून घालावें आणि परिणाम तोच व्हावा. पुढें बॅलिस्टाइटसारख्या घट्ट दारू आल्या. त्या थोड्याशाच घालावयाच्या असत, आणि त्याहि तराजूनें तोलून. पण माणसाच्या हाताला जुन्या मापाची संवय होती. तें माप घट्ट दारूनें भरलें म्हणजे पुंगळींत कितीतरी पट शक्ति जाई. छऱ्याच्या काडतुसांच्या खोक्यांवर अजूनहि कोठें कोठें ‘ड्रॅम’चा आंकडा छापलेला दिसतो. तो आंतल्या दारूचें वजन सांगत नाहीं. काळ्या दारूच्या किती ड्रॅमांइतका हा बार आहे, एवढेंच सांगतो. तो आंकडा वजन समजून कोणी धूररहित दारू तोलून घातली तर बंदूक टिकणार नाहीं.

त्यांतच एक दुर्दैव असें कीं, आजच्या धूररहित दारू दिसण्यांत एकमेकींच्या बहिणी असतात. करड्या पापुद्र्या, बारीक नळकांड्या किंवा मोहरीसारखे गोल दाणे. रंगावरून किंवा वासावरून शीघ्र कोणती आणि मंद कोणती, हें तज्ज्ञालाहि सांगतां येत नाहीं. दाण्यावर दिलेला लेप, त्याची जाडी, त्याचा घाट यांवर तिची घाई ठरते, आणि तें गुपित डब्यावरच्या चिठ्ठीलाच ठाऊक असतें. चिठ्ठी गेली कीं त्या डब्यांतल्या दारूची ओळखच गेली.

कारखान्यांतहि या बाबतींत कोणी आठवणीवर विसंबत नाहीं. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा आहे. जळगांव जिल्ह्यांतील वरणगांवच्या कारखान्यांतहि लहान शस्त्रांचीं काडतुसें होतात. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. अशा ठिकाणीं दारूची नवी खेप आली कीं तिची जात तीच असली तरी प्रथम दाब आणि वेग मोजावयाचा आणि मगच पुंगळींत किती घालावयाची तें ठरवावयाचें, अशी रीत असते. जेथें यंत्रें, मापकें आणि शिकलेलीं माणसें आहेत तेथें ही दक्षता; मग घरच्या मेजावर अंदाजानें केलेल्या कामाची गोष्टच नको.

नेमबाजीच्या खेळांत महाराष्ट्रानें अलीकडे मोठें नांव मिळविलें आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं विश्वविजेतेपद मिळविलें आणि स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. ५० मीटरच्या या स्पर्धा ०.२२ च्या रायफलीनें होतात. त्या काडतुसाची ठिणगी वेगळ्या टोपींत नसून पुंगळीच्या काठांतच असते, म्हणून तें पुन्हां भरतां येत नाहीं. असे नेमबाज दारू बदलीत बसत नाहींत. एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांचीं काडतुसें आपल्या नळींतून मारून पाहतात आणि जी खेप जुळते ती घेतात. मेळ पाहण्याचें तत्त्व तेंच. फक्त पद्धत सुरक्षित आहे.

आपल्या देशांत शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंद झाली, आणि परवान्यावांचून शस्त्र किंवा दारूगोळा बाळगणें किंवा तयार करणें १९५९ च्या शस्त्र कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां घरांत जुनी पेटी निघालीच तर काय करावें? बंदूक असेल तर तिच्या परवान्याची चौकशी करावी. जुनीं काडतुसें फोडून पाहूं नयेत, उन्हांत वाळवूं नयेत, आणि चुलीजवळ तर नेऊंच नयेत. डब्यांत उरलेली दारू कितीहि जुनी असली तरी निकामी झाली असें समजूं नये. कोरडी काळी दारू पिढ्या लोटल्या तरी पेटते, आणि कांहीं धूररहित दारू जुन्या झाल्या म्हणजे आपोआप तापूं लागतात. पेटी जागची न हलवितां पोलीस ठाण्यास कळवावें, हा सर्वांत सोपा मार्ग. अक्कलकोटच्या राजवाड्यांतील शस्त्रसंग्रहासारख्या ठिकाणीं जुन्या बंदुका पाहण्यांत जो आनंद आहे, तो त्या उडवून पाहण्यांत नाहीं.

काळी दारू, कॉर्डाइट किंवा आजची लेप दिलेली दारू, यांपैकीं एकहि आपल्यापरीनें चांगली किंवा वाईट नाहीं. मोठ्या तोफेला जी तारते ती पिस्तुलांत निरुपयोगी ठरते, आणि पिस्तुलाला जी शोभते ती रायफल फोडते. म्हणून ‘दारू जोरकस आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पुंगळींत, कोणत्या नळींत आणि कोणत्या गोळीमागें, हें विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाहीं. त्या पितळी मापावर हें विचारण्याची सोय नाहीं, म्हणून तें घातक.